आफ्रिकेतल्या पैलवानाचा दहावा

कुणाला नाटकाचा नाद असतो, कुणाला बैलगाडा शर्यतीचा. मोशीतल्या आमच्या घरमालकांना दहाव्याचा नाद होता. म्हणजे दुसऱ्यांच्या दहाव्याचा. इंद्रायणीच्या घाटावर आज कुणाची दशक्रिया आहे हे गुरुजींच्या आधी त्यांना कळायचं. धुवट धोतर, कडक टोपी, आणि स्वारी सकाळीच पायरीवर हजर. मयत ओळखीचा असो नाहीतर नसो. "वळख काय, मेल्यावर बी करून घेता येती," म्हणायचे. "जित्यापनी मानूस खरं कुटं बोलतो?"

इकडच्या दहाव्याला भाषणं होतात. मी परभणीकडची, मला हे नवीनच होतं. आमच्याकडे माणूस रडतो, जेवतो आणि घरी जातो. इथे आधी प्रवचन, मग माइक लावून श्रद्धांजली. एकेक पुढारी उठतो आणि 'मनमिळाऊ स्वभाव' आणि 'कधीही न भरून येणारी पोकळी' एवढ्यावर वेळ मारून नेतो. पण आबा उठले (सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, म्हणून मीही) की मंडपात चुळबुळ सुरू. कारण आबा खरं बोलायचे.

एका शेजाऱ्याच्या दहाव्याला मी स्वतः ऐकलंय. "ह्यानं दर पावसाळ्यात माझा बांध कोरला," आबांनी सुरुवातच अशी केली. "भांडलो. कोर्टात गेलो. डोकी फुटायची येळ आली. पर त्याच राती भजनात गडी असा गळा लावायचा, का मी मुंडी खाली घालून घरी यायचो. आता बांध कोन कोरनार? मला करमायचं न्हाई." आणि खाली बसले. त्या शेजाऱ्याची बायको पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, देव जाणे. दोन्ही असावं. गावातली म्हातारी मंडळी आबांना टरकून असायची ती याचसाठी. आपल्या मागं हा काय बोलेल, याचा नेम नाही!

आबांची इमारत तीन मजली. खाली पार्किंग आणि पार्किंगमध्ये म्हैस. भाडेकरूंच्या गाड्या उन्हात, म्हैस सावलीत. कुणी कुरकुर केली की आबा शांतपणे विचारायचे, "तुमची गाडी दूध देती का?" माझी स्कूटर पाच वर्षं उन्हात उभी होती, सीट पार फाटलं, पण मला उत्तर सुचलं नाही.

पत्ता सांगणं हा आणखी एक छळ. पार्सलवाल्याने फोन केला आणि तो चुकून आबांच्या हातात गेला की संपलं. "जुन्या चिंचेपास्नं डावीकडं वळ, मंग हिरीच्या अंगानं सरळ ये." आता चिंच कधीच तोडलेली, तिथे मेडिकल झालेलं. विहीर बुजवून तिच्यावर सोसायटीचं जिम. तो बिचारा फिरून फिरून नदीवर पोचायचा. मी म्हटलं, "आबा, मेडिकलपासून सांगा ना सरळ." तर म्हणे, "मेडिकल काय, आज हाय, उद्या न्हाई." चिंच नाही, हे त्यांच्या हिशेबी काही कारण नव्हतं.

मी तेव्हा जवळच्याच एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. त्या वर्षी अभ्यासाला एक आफ्रिकी कादंबरी लागली. जगभर गाजलेली, अभिजात म्हणून मान मिळालेली. गोष्ट अशी, की एक गाव आहे, आपल्या देवांचं, आपल्या रीतींचं. त्यात एक करारी शेतकरी आहे, तरुणपणी मोठा पैलवान. मग गोरे लोक येतात, आपला देव आणतात, शाळा आणतात, कचेरी आणतात, आणि गाव बघता बघता आतून फुटतं. माझी पोरं बहुतेक चाकणला रात्रपाळी करून वर्गात येणारी. इंग्रजी पुस्तक उघडलं की त्यांचे डोळे मिटायचे. म्हणून मी संध्याकाळी ओट्यावर बसून पुढचं प्रकरण मोठ्याने वाचायचे आणि ते मराठीतून सांगायची तालीम करायचे. ऐकायला फक्त म्हैस, असा माझा समज.

एके दिवशी म्हशीच्या मागून आवाज आला, "मास्तरीणबाई, त्या पैलवानाचं पुढं काय झालं? काल तुमी मधीच भाकरी टाकाया गेल्या."

तेव्हापासून माझी सुटका नाही. दिवेलागणीला आबा धार काढून, हात पुसून ओट्यावर येऊन बसायचे. शेजारी आक्का, म्हणजे आबांच्या मालकीणबाई (गावाचं ऐकून आबाही त्यांना आक्काच म्हणायचे), भाजी निवडत. मी प्रकरण वाचायचं, मराठीतून सांगायचं आणि आबांनी शेरे मारायचे. तिथले लोक जो कंद पिकवतात त्याला मी आपलं 'सुरण' म्हटलं. आबांनी हात वर केला. "सुरनावर कोन मोठेपना सांगतं वो? खाजतंय त्ये!" मी समजावलं, की तिकडे ज्याच्याकडे ते पीक जास्त, तो गावात मोठा. आबांनी विचार केला आणि निकाल दिला, "मंजी ऊस." झालं. त्या दिवसापासून आफ्रिकेत उसाची लागण सुरू झाली. तिथे पाहुण्यापुढे आधी एक फळ फोडून ठेवतात, हे ऐकल्यावर तर आबा मांडी थोपटून म्हणाले, "सुपारी! अगं आक्का, ही तर आपलीच मानसं हायती."

आबांचाही कान कुस्तीत चेपलेला. तरुणपणी त्यांनाही गावात पैलवानच म्हणायचे. त्यामुळे पुस्तकातल्या माणसाचं ते लांबलचक आफ्रिकी नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. तो 'पैलवान'. मी सांगितलेलं प्रकरण आबा दुसऱ्या दिवशी देवळाच्या पारावर सांगायचे, आणि काय सांगायचे! माझ्या पोरांनी माझं कधी इतकं ऐकलं नाही. कुणी गाव विचारलं तर "नदीच्या पल्याड, लई लांब" एवढंच. एकदा जत्रा कमिटीची माणसं मागे लागली, त्या पैलवानाचा नातू असंल तर बोलवा की, मानाची कुस्ती लावू. आबांनी नाही म्हणावं की नाही? छे! "इचारून सांगतो" म्हणाले आणि संध्याकाळी मलाच विचारायला आले, "काय वो, पत्ता बित्ता हाय का?"

मग पुस्तकात गोरे आले आणि आबांचे शेरे कमी झाले. साहेब बोलायचा आणि त्याचं बोलणं गावाला समजावून सांगणारा दुभाषी असायचा, तिथे ते जास्तच गप्प व्हायचे. एकदाच म्हणाले, "साहेबाचा राग न्हाई येत. त्याची भाषा बोलनाऱ्याचा येतो." मी ते मनावर घेतलं नाही. पुढच्या प्रकरणात पैलवानाचा थोरला मुलगा बापाला सोडून साहेबाच्या शाळेत जातो आणि बाप त्याचं नाव टाकतो. माझं वाक्य अर्धं होतं, तेवढ्यात आबा उठले, बादली घेतली आणि म्हशीकडे गेले. धार तर मघाशीच काढून झाली होती.

त्यानंतर ते ओट्यावर यायचे बंद झाले. पारावर लोक खोळंबले. मलाही करमेना. खोटं कशाला बोलू, वर्गापेक्षा मला ओटाच जास्त गोड लागायला लागला होता.

शेवटी आक्कांनीच सांगितलं. मेथी निवडत होत्या, मान वर न करता बोलत होत्या. आबांना एकच मुलगा. पुण्यात जाऊन जपानी भाषा शिकला आणि चाकणच्या एका जपानी कारखान्यात दुभाषी म्हणून लागला. तोपर्यंत आबांना कौतुकच होतं. मग गावकऱ्यांची नदीपलीकडची जमीन त्याच कारखान्याला गेली. जमिनीत म्हसोबा होता, शेंदराचा. तो कुंपणाच्या आत आला. कारखान्याचं म्हणणं, आम्ही फाटकापाशी चांगलं देऊळ बांधून देतो, देव तिथे हलवा. हे सांगायला साहेब गावात आला, आणि साहेबाच्या शेजारी उभा राहून ते मराठीत सांगायला आबांचाच मुलगा.

"ह्यांनी सगळ्या गावासमोर साहेबाला शिव्या घातल्या," आक्का म्हणाल्या. "अशा घातल्या, अशा घातल्या, मी कानावर हात ठिवला. आन् पोरानं त्या सगळ्याचं एवढंसं करून सांगितलं, इवलंसं. साहेब हसला, वाकून नमस्कार करून गेला. ह्यांचं म्हननं, माझ्या तोंडची शिवी माझ्या पोरानं खाल्ली. तवापास्नं त्याचं नाव घेत न्हाईत. म्हसोबा बी हालला, नवं देऊळ बी झालं, समद्यांनी पेढं खाल्लं. ह्ये दोघं तेवढं तसंच." मग त्यांनी मेथीची एक काडी माझ्याकडे रोखली. "आन् तुमाला बरं ह्येच पुस्तक गावलं!"

मी पुस्तक लपवून ठेवावं म्हणत होते. पण एका संध्याकाळी आबा स्वतःहून आले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "वाचा पुढं. पोराचं सोडा, पैलवानाचं सांगा."

शेवटी काय होतं हे मला माहीत होतं. त्यामुळे मी हळूहळू वाचत होते. पण पुस्तक हळूहळू वाचलं तरी संपतंच. गाव साहेबापुढे मान खाली घालतं, पैलवान एकटा पडतो आणि शेवटी आपल्या हाताने जीव देतो. आणि त्याच्या लोकांची रीत अशी, की जीव दिलेल्या माणसाला घरच्यांनी, गावच्यांनी हात लावायचा नाही. त्याला मातीत ठेवायला परक्यांना सांगायचं.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग एकदम उसळले. "मंजी? एवढा मानूस, आन् गावात खांदा द्यायला कोनी न्हाई?"

"रीत आहे त्यांची, आबा. परक्याने हात लावलेला चालतो."

"परका चालतो?"

"हो."

"मंग आमी हाय की परकं!" आबा उभेच राहिले. "आमी ना त्याच्या गावचं, ना भावकीतलं. आक्का, पैलवानाचा दहावा आपुन घालायचा!"

मला वाटलं, रागात बोलले, सकाळी विसरतील. कसले विसरतात! घरात सुतक लागलं. फोडणी बंद. मी वरच्या मजल्यावर खमंग काही केलं की खालून खाकरणं ऐकू यायचं. मी बापडी दहा दिवस वरणभात खाल्ला, एका कादंबरीपायी! गुरुजी आधी बिचकले. गोत्र कोणतं, म्हणाले. "म्हाईत न्हाई." मग काश्यप लावू, ते सगळ्यांना चालतं. मेले कशाने? आबांनी सांगितलं. गुरुजी म्हणाले, त्याला वेगळा विधी लागतो. आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की गुरुजी पंचांग मिटून म्हणाले, "बघू, बसवू काहीतरी."

आणि मग फ्लेक्स. फ्लेक्सशिवाय आमच्याकडे माणूस मेला असं कुणी मानतच नाही. फ्लेक्सवाल्याने फोटो मागितला. आबा म्हणाले, "फोटू न्हाई, पैलवान म्हनून लिव्ह आन् लाव." आता वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'कै. पैलवान', घाटावरच्या दहाव्याची वेळ आणि मध्ये मोकळी जागा, हे त्या फ्लेक्सवाल्याच्या जिवाला कसं सोसावं? ऑर्डर आबांची होती, जुन्या जत्रेच्या फ्लेक्समधला आबांचा फोटो त्याच्या कॉम्प्युटरमध्ये होताच. त्याने तो हार घालून बसवून दिला. दहाव्याच्या आदल्या सकाळी चौकात हा प्रकार बघून मी किंचाळलेच. आबा मात्र कमरेवर हात ठेवून न्याहाळत राहिले. "फोटू ब्येस आलाय. ऱ्हाऊ दे. त्याचा कुटं हाय आपल्याकडं?"

आक्कांनी तर तोंडाचा पट्टाच सोडला. "अवो, माझं कुकू हाय जाग्यावर, आन् तुमी हार घालून चौकात उभं? लाज हाय का काई?" पण गावाला सगळी हकिगत ठाऊक होती, त्यामुळे कुणी फार मनावर घेतलं नाही. गंमत म्हणून कुणीतरी त्याचा फोटो काढून मोबाइलच्या स्टेटसला लावला, एवढंच.

दहाव्याला घाट भरला. आबा सगळ्यांच्या दहाव्याला गेलेले. ते फेडायला सगळे आले. आफ्रिका कुठे आहे हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं, पण पैलवान सगळ्यांना ठाऊक होता. जत्रा कमिटी टोप्या घालून पुढे बसली. आबा ओल्या धोतराने विधीला बसले. पिंड पानावर ठेवले आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघू लागले.

कावळा येईना. समोर झाडावर चांगले पाच-सहा बसलेले. बघायचे आणि मान वळवायचे. मेलेल्याची इच्छा राहिली असली की असं होतं म्हणतात, म्हणून लोक त्याला शब्द द्यायला लागले. एकजण हात जोडून म्हणाला, "पैलवान, आखाडा बंद पडू देनार न्हाई." कावळा ढिम्म. दुसरा म्हणाला, "उसाचं बघू आमी." नाही. तिसऱ्याने तर साहेबाला हाकलून देण्याचा शब्द दिला. तो स्वतः सुपरवायझर, दुपारी त्याला त्याच साहेबांकडे शिफ्टला जायचं होतं. मग सगळे माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी वाचलंय. त्याचं काय ऱ्हायलं असंल?"

काय राहिलं होतं ते मला माहीत होतं. आबांनाही माहीत होतं. ते खाली मान घालून पाण्याकडे बघत बसले होते.

तेवढ्यात वर रस्त्यावर गाडी कचकन थांबली. कंपनीचा करडा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पायात कारखान्याचे जड बूट. एक माणूस पायऱ्यांवरून अक्षरशः कोसळत खाली आला. तोंडाने "आबा! आबा!" असा टाहो. आक्का उठून "अरं ल्येका" म्हणेपर्यंत तो गर्दीतून पुढे घुसला, आणि समोर बाप बसलेला. जिवंत. ओल्या धोतरात, मांडी घालून.

पुढे बसलेली जत्रा कमिटी आपोआप बाजूला सरली.

बापाने लेकाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "बूट काढ आधी. दहाव्याला आलायस."

त्या पोराने बूट काढले. म्हणजे काढायला गेला आणि तिथेच फतकल मारून, नाडी हातात धरून ओक्साबोक्शी रडायला लागला. "स्टेटसला फोटू बघितला... मला वाटलं... मला कुणी कळवलं बी न्हाई..." मागून त्याचा जपानी साहेबही उतरला होता. आपल्या माणसाचा बाप गेला, म्हणून बिचारा काळा कोट घालून आला होता. तो पायमोजे हातात घेऊन पायरीवर उभा. मयताला नमस्कार करायला वाकला, तर मयत त्याच्याकडेच बघतंय! मुलाने डोळे पुसत त्याला काहीतरी समजावलं. बराच वेळ समजावत होता. आबांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि पुटपुटले, "आता बघा, किती लांबड लावलीय."

आणि मी पाहिलं, आक्का हसत होत्या.

"मग कोण गेलं?" मुलाने विचारलं.

"बस. सांगतो."

आणि आबांनी गोष्ट सुरू केली. पहिल्यापासून. तो कसा कुस्ती जिंकला, त्याचा ऊस कसा होता, सुपारी कशी ठेवायचे. भरल्या घाटावर, ओल्या अंगाने, एकट्या मुलाकडे बघून. पुढचा शब्द न् शब्द लोकांनी पारावर ऐकलेला, तरी कुणी हललं नाही. साहेब आले, शाळा आली. मग पैलवानाचा थोरला शाळेत गेला. आबा खाकरले. पुन्हा खाकरले.

"लोक म्हनत्यात, त्यो कचेरीमुळं मेला," ते म्हणाले. "मास्तरीणबाईंच्या पुस्तकात बी तसंच असंल. मला न्हाई पटत. पोराचं नाव घेयाचं सोडलं ना त्यानं, तवाच त्यो मेला व्हता. नुसता हिंडत व्हता गावात."

मुलाने बापाच्या ओल्या धोतराचा काठ मुठीत धरला होता, लहान पोरं धरतात तसा.

"चुकलं त्याचं," आबा म्हणाले. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "माझं बी."

जत्रा कमिटीतला एक दांडगा गडी टोपीने डोळे पुसायला लागला. माझं तर विचारूच नका. तेवढ्यात गुरुजी ओरडले, "अहो, पान बघा, पान!" सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. पान रिकामं. कावळा कधी आला, कोणत्या वाक्याला शिवला, एवढ्या गर्दीत एकानेही पाहिलं नव्हतं. सगळे बापलेकाकडे बघत बसलेले.

आबा उठायला गेले, अर्ध्यात थांबले. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला हात मागितलेला मी पाहिला नव्हता. जिन्यावर मी कधी पुढे केला तर झिडकारायचे.

"गुडघा धरलाय," ते मुलाला म्हणाले. "उठव मला."